साडूभाऊंची विणणारी नायिका

खोटं नीट लिहिता यावं म्हणून आमच्या साडूभाऊंनी जेवढे कष्ट घेतले, तेवढे अख्ख्या नाशकात कुणी खरं बोलण्यासाठीही घेतले नसतील. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मीही त्यांचा साडूच, त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांना साडूभाऊच म्हणतो आणि लग्नकार्यात कुणी त्या नावानं हाक मारली की दोघंही वळून बघतो. पाटबंधारे खात्यातून ते निवृत्त झाले, इंदिरानगरात दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि कथा लिहितात. आता नाशकात कथा लिहिणारे पैशाला पासरी. रविवारी सकाळी कुठल्याही मिसळीच्या हॉटेलात रांगेत उभं राहा, पुढचा माणूस कवी निघतो आणि मागचा कथाकार. पण ही मंडळी मनाला येईल ते लिहितात आणि मोकळी होतात. साडूभाऊंचं तसं नाही. "माणूस खोटा चालेल, गोष्ट खोटी चालेल, तपशील खोटा चालणार नाही," हे त्यांचं म्हणणं, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा धरणाच्या भिंतीला तडा गेल्याचं कळलेल्या इंजिनिअरसारखा होतो.

एकदा त्यांच्या कथेतला एक माणूस लासलगावच्या बाजारातून चालत जाणार होता. नुसता चालत जाणार होता, थांबणारसुद्धा नव्हता. पण तिथे कांद्याचा वास नेमका कसा येतो हे कळायला हवं म्हणून साडूभाऊ पहाटेची एसटी पकडून लासलगावला गेले. लिलाव चालू होते, ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या होत्या, आणि हे प्रत्येक ट्रॉलीतून एकेक कांदा उचलून, डोळे मिटून, नाकाशी धरून परत ठेवत होते. शेतकऱ्यांना वाटलं, कुणी तरी बडा व्यापारी आलेला दिसतोय. दोघातिघांनी अदबीनं चहाही विचारला. शेवटी एका म्हाताऱ्यानं कंटाळून विचारलं, "दादा, घ्यायचा हाय का नुसता हुंगायचा हाय?" साडूभाऊंनी प्रामाणिकपणे सांगितलं की नुसता हुंगायचा आहे. मग चहा मिळाला नाही. संध्याकाळी घरी आले, 'बाजारात कांद्याचा वास होता' असं एक वाक्य लिहिलं, आणि महिनाभरानं कथा लांबतेय म्हणून तेवढंच खोडून टाकलं. मी हळहळलो तर म्हणाले, "खोडलेलं वाक्यसुद्धा खरं पाहिजे, साडूभाऊ."

अशा या माणसाच्या हातून क्रोशाच्या बाबतीत चूक झाली, आणि तीही अशी की कुठल्याही बाईला झोपेतसुद्धा कळावी. एका दिवाळी अंकातल्या त्यांच्या कथेत नायिका खिडकीशी बसून क्रोशाचा रुमाल विणत होती. इथपर्यंत ठीक. पण तिच्या हातात त्यांनी दोन सुया दिल्या होत्या, आणि त्या सुयांची टकटक कथाभर चालली होती. टकटक वाढली की नायिकेच्या मनात वादळ आहे असं समजायचं, आणि टकटक थांबली की आता काही तरी भयंकर होणार. संपादकांना हे फारच आवडलं होतं. आता दोन सुया लोकर विणायला लागतात. क्रोशाला एकच सुई, टोकाशी बारीकसा आकडा असलेली, आणि एकटी सुई टकटक करणार तरी कुणाशी? अंक घरी आला तेव्हा आम्ही फराळाला तिथेच होतो. अक्कानं, म्हणजे साडूभाऊंच्या बायकोनं, चष्मा लावून कथा शेवटपर्यंत वाचली, अंक मिटून चकल्यांच्या डब्याशेजारी ठेवला आणि म्हणाली, "बाईला दुसरी सुई कुणी दिली?" आणि आपली पिशवी उघडून स्वतःचा अर्धा झालेला रुमाल काढून विणायला बसली. त्यानंतर साडूभाऊंनी तिला तीनदा काही तरी विचारलं. तिनं एकदाही उत्तर दिलं नाही.

म्हणजे गंमत बघा. ज्या माणसानं एका वासासाठी लासलगाव गाठलं, त्याच्याच घरात, त्याच्याच समोरच्या खुर्चीत, लग्न झाल्यापासून एक बाई रोज क्रोशा विणत बसलेली होती. टीव्हीवर, फ्रिजवर, उशांवर, पाण्याच्या माठावर, जिथे म्हणून काही झाकता येईल तिथे अक्काचं विणकाम होतं. आमच्या लग्नात तिनं जेवणाच्या ताटाभोवती मांडायची महिरप विणली होती, ती आम्ही अजून दिवाळीला काढतो. साडूभाऊंनी तिच्या हातात किती सुया आहेत हे कधी पाहिलं नव्हतं, कारण ते नेहमी तिच्या तोंडाकडे बघत असत. ती आता बोलेल, मग बोलेल.

याला कारण होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दोघी बहिणी देवळ्याच्या. अक्का बी.ए., बी.एड. झालेली. लग्नानंतर वर्षभरात तिला देवळ्याच्याच एका शाळेत शिक्षिकेची नोकरी चालून आली. साडूभाऊंची नोकरी नाशकात. जाऊन येऊन करता आलं असतं, किंवा आठवडाभर माहेरी राहून शनिवारी येता आलं असतं. त्या काळातही तसं करणाऱ्या बायका होत्या. साडूभाऊ नाही म्हणाले नाहीत. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. पुढच्या वर्षी मुलगी झाली, त्याच्या पुढच्या वर्षी अक्काच्या सासूबाई आजारी पडल्या, आणि मग कुणी काही बघितलंच नाही. अक्का त्यावर एक अक्षर बोलली नाही. ती क्रोशा विणायला बसली. आणि संध्याकाळी साडूभाऊंनी काही विचारलं की बऱ्याचदा ती गप्प राहायची. ते गप्प राहणं साडूभाऊंच्या मनात जे रुतलं ते रुतलंच. बायकोला सरळ विचारावं, तर तेवढं धैर्य नव्हतं. बांधावर उभं राहून कंत्राटदारांना फैलावर घेणारा हा माणूस, घरात 'तू अजून माझ्यावर रागावली आहेस का' एवढे सहा शब्द बोलू शकला नाही. म्हणून त्यांनी कादंबरी लिहायला घेतली.

कादंबरीत एक बाई आहे, तिचा नवरा आहे, आणि बाई विणते. "तिनं त्याला माफ केलंय की नाही एवढंच ठरायचं राहिलंय," ते मला गंभीरपणे सांगत. "ते ठरलं की कादंबरी संपली." मी म्हणालो, "मग ठरवा की. लेखक तुम्ही आहात." तर म्हणाले, "मी कसं ठरवणार? ते तिच्या हातात आहे. हात कळले की ती कळेल." मी सुचवलं की हात घरातच आहेत, अक्कालाच विचारा. त्यावर त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "नायिकेला विचारून लिहिली तर ती मुलाखत होते, साडूभाऊ."

तेव्हा साडूभाऊ क्रोशा शिकायला गेले. सिडकोत एक मुलगी दुपारी बायकांचे वर्ग घेते, तिथे हे एकटे पुरुष. घरी सांगितलं होतं की ज्येष्ठ नागरिकांच्या हास्यक्लबात जातो. अक्काला शंका आली ती एवढ्यावरून की हास्यक्लबातून येणारा माणूस बोटं चोळत येतो आणि हसत तर मुळीच नाही. वर्गातल्या बायकांनी सुरुवातीला त्यांना पाहून पदर सावरले, मग आठवड्याभरात त्यांच्यासमोर सुनांबद्दल मोकळेपणानं बोलायला लागल्या, आणि पुढे पुढे सुनांबद्दल त्यांचं मतही विचारू लागल्या. ती शिकवणारी मुलगी मात्र टेकीला आली. "काका, हात सैल सोडा," हे ती सारखं म्हणायची. साडूभाऊंचा हात एवढा घट्ट की त्यांच्या पहिल्या रुमालावर पाणी टाकलं असतं तर वरच राहिलं असतं. पाटबंधारे खात्यात एवढं न झिरपणारं काम त्यांच्या हातून झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि प्रश्न तर असे विचारायचे की ती बिचारी सुई खाली ठेवायची. एकदा विचारलं, "विणता विणता बाई रडली, तर अश्रू झालेल्या टाक्यावर पडतो की पुढच्या दोऱ्यावर?" मुलगी विचार करून म्हणाली, "काका, रडू आलं तर विणकाम बाजूला ठेवतात. दोरा मळतो." साडूभाऊ त्या दिवशी घरी जाताना माझ्याकडे आले आणि कादंबरीचं अख्खं अकरावं प्रकरण माझ्या देखत फाडलं. त्यात बाई पंधरा पानं रडत विणत होती.

मग साखळी आली, खांब आला, मुका खांब आला. ही सगळी टाक्यांची नावं. मुका खांब म्हणजे अगदी बुटका, घट्ट टाका, आणि त्या नावावर साडूभाऊ इतके खूश झाले की त्यांनी नायिकेला तीन प्रकरणं फक्त मुके खांबच घालायला लावले. शिकवणारी मुलगी म्हणाली, "काका, अशानं तिचा रुमाल होणार नाही, पायपुसणं होईल." तीही तीन प्रकरणं गेली. विद्या वाढली तसा त्यांचा उपद्रवही वाढला. टीव्हीवरच्या मालिकेत एखादी सासू हातात विणकाम घेऊन बसलेली दिसली की हे ओरडायचे, "अगं, दोरा कुठल्या बोटावर घेतलायस!" एका ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता. सगळे आरतीसाठी उभे, आणि साडूभाऊ खाली वाकून चौरंगावरच्या क्रोशाच्या रुमालाची कड उलटून मागची बाजू तपासताहेत. गुरुजी आरती न थांबवता, त्याच सुरात म्हणाले, "काका, कलश हलतोय." प्रसाद घेताना साडूभाऊंनी घरच्या बाईला बाजूला घेऊन सांगितलं की रुमालाच्या एका पाकळीत एक खांब कमी आहे. त्या घरी आता आम्हाला हळदीकुंकवालासुद्धा बोलावत नाहीत.

पण कहर झाला तो उसवण्यावरून. कादंबरीत एका दुपारी बाई संतापून आपणच विणलेलं सगळं उसवून टाकते, असा प्रसंग होता. साडूभाऊंना प्रश्न पडला, किती वेळ लागेल? वर्गात ऐकलं होतं की क्रोशाचं एक टोक ओढलं की सरसर सगळं सुटत येतं. तेव्हा अक्का भाजी आणायला गेलेली पाहून त्यांनी टीव्हीवरचं जुनं झाकण काढलं आणि टोक शोधायला बसले. टोक सापडेना. चांगली विणणारी बाई शेवटचं टोक आतल्या टाक्यांत असं लपवते की तिचं तिलाच सापडू नये, हा तपशील त्यांना त्या दिवशी कळला. शेवटी धीर सुटून त्यांनी कात्री घेतली आणि भलत्याच ठिकाणी कापलं. अक्का आली तेव्हा झाकणाच्या मधोमध मूठभर भोक होतं आणि त्यावर त्यांनी रिमोट ठेवला होता. तिनं रिमोट उचलला, भोकाकडे पाहिलं, रिमोट परत ठेवला. मग दोन दिवस ती काही बोलली नाही. खुर्चीत बसून विणत राहिली. तिसऱ्या दिवशी साडूभाऊ माझ्याकडे आले, चेहरा पडलेला. म्हणाले, "नाही हो, साडूभाऊ. तिनं माफ केलेलं नाही. शेवट दुःखाचाच होणार." मला हसू येत होतं, पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून हसलो नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस होता तो, आणि त्याला खरोखरच भीती वाटत होती की हे न कळताच आपल्या दोघांपैकी कुणी तरी एक जाईल.

गेल्या थंडीत अक्काच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस वाचायचं नाही, विणायचं नाही असं बजावलं. काळा चष्मा लावून ती रिकाम्या हातांनी बसायची आणि हात कुठे ठेवावेत हे तिला कळायचं नाही. मी आणि माझी बायको रविवारी जेवायला गेलो होतो. जेवणं झाल्यावर अक्का म्हणाली, "अहो, ते तुमचं लिहिलेलं तरी वाचून दाखवा. नाही तरी माझ्यापासून लपवून लपवून तुम्हीच दमलात." साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग ते आत जाऊन कागद घेऊन आले, घसा साफ केला आणि वाचू लागले.

खरं सांगतो, विणकाम अप्रतिम उतरलं होतं. दोरा बोटांत कसा खेळतो, ओळ संपली की काम कसं फिरवायचं, नवा गुंडा जोडताना गाठ कुठे लपवायची, सगळं होतं. माझी बायको मान डोलावत होती. अक्का अगदी निश्चल ऐकत होती. मग तो प्रसंग आला. संध्याकाळ, बाई विणते आहे, नवरा येऊन विचारतो, 'चहा घेणार का?' बाई उत्तर देत नाही. आणि मग चार पानं तिच्या मनातलं: न मिळालेली शाळा, खडूचा वास, फळ्यासमोर आपण उभ्या राहिलो असतो त्या सगळ्या सकाळी. चार पानांनंतर नवरा न बोलता निघून जातो. साडूभाऊ थांबले. त्यांना पुढचं वाचवेना.

"ही गप्प का बसलीय?" अक्कानं विचारलं.

"तिच्या मनात..." साडूभाऊंनी कागद खाली केले. "तिला सल आहे. जुना. म्हणून ती बोलत नाही."

"अहो, काय तरीच," अक्का म्हणाली. "पाकळीची ओळ चाललीय ना तिची? तुम्हीच लिहिलंय. त्या ओळीत तोंड उघडलं की मोजणं चुकतं. सगळी ओळ उसवावी लागते. ती मोजतेय."

"मोजतेय?"

"मग काय करणार? टाके मोजते."

"आणि तू? तू गप्प बसतेस तेव्हा?"

"मीही मोजत असते."

"आणि ते टीव्हीवरच्या झाकणाचं? दोन दिवस बोलली नाहीस."

"ते भोक बुजवायला नवा तुकडा विणत होते. आधीच्या टाक्यांशी जुळवायला किती मोजावं लागतं, तुमच्या त्या क्लासच्या मुलीला विचारा."

म्हणजे क्लासही माहीत होता. साडूभाऊ कागद धरून बसून राहिले. एका वाक्यात त्यांची कादंबरी मातीत गेली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी आजवर न पाहिलेला आनंद पसरत होता. जणू खून केल्याचा आरोप आहे आणि न्यायाधीशांनी सांगावं की अहो, तो माणूस जिवंत आहे, घरी जा. "एवढी वर्षं," ते म्हणाले, "एवढी वर्षं मला वाटत होतं..." पुढे काय वाटत होतं ते सांगायला न थांबता ते उठले, आज चहा मी करणार म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला आणि मग चक्क गुणगुणणं.

माझी बायको अक्काच्या जवळ सरकली. बहीण ती. हळूच म्हणाली, "अक्का, खरंच मोजत होतीस?"

अक्कानं स्वयंपाकघराच्या दिशेनं कान दिला. मग म्हणाली, "पहिली काही वर्षं नव्हते मोजत. नुसतीच बसायचे सुई घेऊन. इतका राग यायचा की टाका दिसायचा नाही. ते विचारायचे आणि मला उत्तर द्यावंसंच वाटायचं नाही." काळ्या चष्म्यामागचे डोळे दिसत नव्हते. "मग एकदा वाटलं, बसलोच आहोत तर मोजावं. मोजायला लागले. मग खरंच रुमाल व्हायला लागले."

"आणि आता?"

"आता बहुतेक वेळा मोजतेच." ती जरा थांबली. "त्यांना नका सांगू. फार मेहनत केलीय त्यांनी. त्यांचा शेवट चांगला होऊ दे."

इतक्या वर्षांत या घरात मी हसायलाच येत आलो होतो, आणि त्या दुपारी मला वाटलं, की आपण ज्याला गमतीदार संसार म्हणत होतो त्याच्या आत ही बाई एकटीनं केवढं काम करत बसली होती. साडूभाऊ चहा घेऊन आले. चहा भयंकर गोड होता. आम्ही सगळ्यांनी तो चांगला झालाय असं सांगितलं.

कादंबरी त्यांनी पुन्हा लिहिली. चार पानांचं मनोगत गेलं. तिथे आता बाई टाके मोजते आणि ओळ संपल्यावर नवऱ्याला म्हणते, 'हो, घेते चहा.' शेवट सुखाचा आहे. एका प्रकाशकानं घ्यायचं कबूलही केलंय. साडूभाऊ सगळ्यांना सांगतात की यातला एकेक टाका तपासून घेतलेला आहे.

परवा संध्याकाळी मी सहज त्यांच्याकडे गेलो होतो. अक्काला आता विणायची परवानगी मिळाली आहे. ती खिडकीशी खुर्चीत बसली होती. साडूभाऊंनी दार उघडलं, आत येऊन तिला विचारलं, "अगं, साडूभाऊ आलेत, चहा टाकू का?" उत्तर आलं नाही. साडूभाऊंनी माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं आणि मोठ्या अभिमानानं कुजबुजले, "श्श. मोजतेय."

मी पाहिलं. अक्का खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या शाळेतली दुपारच्या सत्राची मुलं सुटत होती. रुमाल तिच्या मांडीवर होता आणि सुई त्यावर आडवी पडलेली होती. साडूभाऊंची नजरही त्या सुईवर गेली. गेली हे मी नक्की सांगतो, कारण त्यांचं बोट ओठांवरून खाली यायचं विसरलं. आम्ही दोघं सोफ्याच्या कडेला, पाहुण्यासारखे, अवघडून बसून राहिलो. बाहेर रिक्षावाले मुलांना हाका मारत होते. हळूहळू गलका कमी झाला, फाटक बंद झाल्याचा आवाज आला.

मग अक्कानं सुई उचलली आणि आमच्याकडे वळली.

"झाली माझी ओळ," ती म्हणाली. "काय विचारत होतात?"

"चहा," साडूभाऊ म्हणाले. "पण सावकाश. अजून मोजायचं असेल तर मोज."